एका समोवाराचं अंतर

१४ सप्टेंबर १९९६

फेन्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे चुलीत टाकणार असशील तर थांब जरा. आधी वाच, मग टाक. कागद जाड आहे, चूल चांगली पेटेल.

बावीस वर्षांनी लिहितेय. अक्षरं कोबीच्या गड्ड्याएवढी आलीत नि ओळी दारुड्यासारख्या चालल्यात, त्याला कारण माझे डोळे. डावा गेलाच. उजव्यातून सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं. चार नोव्हेंबरला तार्तूच्या दवाखान्यात ऑपरेशन आहे. डॉक्टरीण चांगली आहे, उगीच गोड बोलत नाही. म्हणाली, "आजी, पन्नास टक्के." मी विचारलं, "पन्नास कशाचे? दिसण्याचे की न दिसण्याचे?" हसली नि फाइल मिटली तिनं.

तुला माझं पाल्हाळ कधीच आवडलं नाही, म्हणून मुद्द्याचं सांगते. चार नोव्हेंबरच्या आत एकदा ये. मला तुझं तोंड बघायचंय. नंतर आवाज ऐकेन, हात धरेन, ते सगळं ठीक आहे. पण तोंड बघायचंय. तू आता एकोणसाठीची. माझ्या डोक्यात तू अजून सदतिशीचीच आहेस, काळा रुमाल बांधून दारात उभी. त्या चेहऱ्यावरच माझे डोळे मिटले तर फार वाईट होईल, कारण त्या चेहऱ्यावर त्या दिवशी काय होतं ते आपल्या दोघींना ठाऊक आहे.

तुझा नवरा, गेनादी, गेल्याचं तीन वर्षांपूर्वी मासेवाल्याकडून कळलं. तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहायला बसलेही होते. "मला वाईट वाटलं" एवढं लिहिलं नि मग वाटलं, आपण त्या माणसाशी आयुष्यात तीन वाक्यं बोललो, त्यातली दोन मोटरीच्या तेलाबद्दल. कोणत्या तोंडाने वाईट वाटलं म्हणायचं? पण वाटलं होतं. आता लिहिते.

आणि त्या कपाचं. एवढी वर्षं तू त्यावरून रुसून बसली आहेस म्हणून सांगते. बाबांच्या मातीच्या दिवशी तुझ्यापुढे दाराजवळच्या फळीवरचा कप ठेवला गेला. पोस्टमन, ट्रॅक्टरवाला, एस्टोनियन मास्तर, जे कोणी आपल्या जुन्या ख्रिस्ती पंथातलं नाही त्यांच्यासाठीचा. आपल्या घरात जन्मलेल्या पोरीपुढे परक्याचा कप. ती वासा आत्याची करणी. तिचा स्वभाव तुला ठाऊकच होता, जन्मभर नाकाने कांदे सोलले तिनं. मी चुलीपाशी होते, मला दिसलंच नाही. आत्या आता नाही, तेव्हा तो विषय तिच्याबरोबरच पुरावा असं मला वाटतं.

आज सकाळी पहिले कलहंस गेले. मी अंगणात कांद्याच्या वेण्या घालत होते. आवाज आला तशी ओच्यातले कांदे सगळे खाली सांडले आणि मी वेड्यासारखी वर बघत राहिले. दिसलं काहीच नाही. नुसता आवाज, तोही सरोवराच्या तुझ्या बाजूने आलेला.

उस्तिन्या

२७ सप्टेंबर

फेन्या,

उत्तर नाही. ठीक आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि आपण दोघी एकाच दोरीच्या.

तुझ्यासाठी आमंत्रणाचा कागद करायला मुस्तवेच्या कचेरीत गेले होते. आता बहिणीने बहिणीकडे यायचं तर सरकारी शिक्का लागतो. टेबलामागची पोरगी विचारते, "नातं?" म्हटलं, "बहीण." "सख्खी?" म्हटलं, "नाही, कांद्याच्या वाफ्यात सापडली." तिनं पेन खाली ठेवलं, मग कळलं तिला. तो कागद या पत्रासोबत आहे. हरवू नकोस, त्याला चार तास रांगेत उभी होते. पूर्वी बोटीने दीड तासात येता यायचं. आता तू रशियातून नार्वाच्या पुलावरून सरोवराला अर्धा वळसा घालून येणार. पाणी तेच आहे, फक्त मधोमध कुणीतरी दोन देशांची रेघ मारली. पक्ष्यांना ती दिसत नाही हे बरं.

माझ्याकडे महिनाभर एक पाहुणी आहे. हेल्वे. तार्तूकडची एस्टोनियन, शाळेत प्राणी-पक्षी शिकवायची, आता निवृत्त. पक्षी मोजते. तीन पायांची दुर्बीण घेऊन किनाऱ्यावर बसते, बाबा बसायचे तिथेच, त्या पालथ्या बोटीवर. बोट तीच गं, अजून कुजली नाही. हेल्वे फार बोलते, पण कामाची आहे. मी ऐकते नि ती बघते, असं दोघींचं मिळून एक माणूस होतं.

परवा क्रौंच गेले. सातशे बारा, असं ती म्हणाली. मी म्हटलं, "सातशे म्हण, बारा कशाला?" तर चिडली. म्हणे, "बारा जिवंत पक्षी आहेत ते, उस्तिन्या. त्यांना का वगळायचं?" मला बाबाच आठवले.

तुला आठवतं का? तू नऊची, मी सोळाची. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा आपल्याला दोघींना घेऊन त्या बोटीवर बसायचे, तू मध्ये, कारण तुला थंडी फार वाजायची. हंस आले की बाबा खिशातून जपाचा चामडी पट्टा काढायचे आणि त्याच्या गाठींवर हंस मोजायचे. एक गाठ म्हणजे दहा हंस! मला धडकी भरायची. देवाचं नाव घ्यायच्या पट्ट्यावर पाखरं मोजतोय हा माणूस. मी म्हणायचे, "बाबा, पाप लागेल." ते म्हणायचे, "उस्त्या, ज्यानं ती पाखरं केली त्याला ती मोजलेली आवडत नसतील का?" तू हसायचीस. मी नाही हसायचे. मी नेहमीच चुकीच्या वेळी गंभीर असायचे.

आणि ते वाक्य. दर शरदात एकदा तरी म्हणायचेच. "हंस पैलतीरावरून उठले की इथे पोचायला एका समोवाराचा वेळ." म्हणजे तिकडे पंख पसरले तेव्हा तुम्ही समोवारात, त्या चहाच्या पितळी बंबात, निखारे घातलेत, तर पाणी उकळायला नि हंस आपल्या डोक्यावर यायला एकच वेळ. आपण दोघी पैज लावायचो. तू हंसांच्या बाजूने, मी समोवाराच्या. तू जास्त वेळा जिंकलीस, कारण तू माझ्या नकळत निखाऱ्यांवर पाणी शिंपडायचीस. मला ठाऊक होतं. कधी बोलले नाही.

काल एक गंमत झाली, गंमत कसली म्हणा. हेल्वे चहा प्यायला आत आली. दाराजवळच्या फळीवरचा कप घेते ती, तिला आपली रीत ठाऊक आहे. म्हणते, "तीस वर्षं या किनाऱ्यावर येतेय, अजून दाराजवळच आहे मी. पुढच्या जन्मी तरी आतल्या कपाटापर्यंत न्या." काल तिचा नेहमीचा कप धुवायचा होता म्हणून तिनं फळीच्या टोकाचा पालथा कप उचलायला हात केला. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. बिचारीचा हात हवेतच राहिला. "काय झालं? विष आहे का त्यात?" मी म्हटलं, "तो धुतलेला नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आपला नेहमीचा कप धुवायला घेतला.

तो कप कुठला ते तुला कळलं असेल. चहा पुरे झाला म्हणून तू पालथा घातलास आणि उठून गेलीस, तसाच आहे तो. बशीही तीच.

उस्तिन्या

१० ऑक्टोबर

फेन्या,

अजून उत्तर नाही. पोस्टमनला मी रोज विचारते. तो आता लांबूनच मान हलवतो, मला दिसत नाही हे विसरून. मग जवळ येऊन "नाही, मावशी" म्हणतो.

काल संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी हंस आले. मोठे, तुतारीसारखे ओरडणारे. मी बोटीवर बसले होते, मांडीवर घोंगडी. आधी आवाज नव्हता, नुसती हवा हलली, मग पंखांची ती घरघर. हेल्वे दुर्बिणीला डोळा लावून पुटपुटत होती. "एकेचाळीस. त्यात चौदा करडी पिल्लं. आणि एकाचा पाय खाली लोंबतोय, सगळ्यात शेवटचा." मी विचारलं, "पाय लोंबत असून एवढं पाणी ओलांडलं त्यानं?" म्हणाली, "ओलांडलं. मागे पडलाय, पण दोघं त्याच्यासाठी थांबतायत." मग ते आमच्या लव्हाळ्यात उतरले. मला फक्त एक पांढरं पांढरं काहीतरी हललेलं दिसलं, दोरीवर वाळत घातलेली चादर हलावी तसं. रडूच आलं. हेल्वेनं बघितलं आणि बडबड थांबवली, हे तिच्या बाबतीत मोठंच.

त्या लंगड्याचा मी रात्रभर विचार केला. त्यावरून एक सांगायचंय.

वासा आत्याचं मी लिहिलं ते खरं नव्हतं. आत्या त्या वेळी घरात नव्हतीच. बायका परत आल्या तरी ती दफनभूमीत मेणबत्त्या विझेपर्यंत थांबली होती. कप मी ठेवला. घर माणसांनी भरलेलं, डोकं ठिकाणावर नव्हतं, दोन रात्री झोप नव्हती. हाताला आला तो कप उचलला असेन. घाईत होतं असं. तू समजून घ्यायला हवं होतंस. एक शब्द बोलली असतीस तर बदलून दिला असता. पण तू बोललीच नाहीस. साखरेचा खडा दातात धरून सगळा चहा शांतपणे प्यायलीस, कप पालथा घातलास, बाबांच्या रिकाम्या पलंगाला नमस्कार केलास आणि निघालीस. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाहीस. एका कपापायी एवढं?

कांद्याच्या दोन वेण्या तुझ्यासाठी बाजूला काढल्यात. चुलीवर धुरी दिलेला, गोड आहे यंदाचा. तुमच्याकडची माती कांद्याची नाही, तू काय खात असशील देव जाणे.

पंचवीस दिवस उरलेत.

उस्तिन्या

१८ ऑक्टोबर

फेन्या,

आधीची सगळी पत्रं बाजूला ठेव. आज खरं लिहिणार आहे. हेल्वेला सांगून झालंय, तेव्हा आता लपवून उपयोग नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

काल दिवसभर वादळ होतं, पक्षी नाही की काही नाही. आम्ही दोघी घरात. ती मोजे रफू करत होती. एकदम म्हणाली, "तो पालथा कप कोणाचा?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीचा." म्हणाली, "बहिणीचा कप दाराजवळ कसा?" साधा प्रश्न होता. बावीस वर्षांत कोणी विचारला नव्हता, कारण गावात सगळ्यांना रीत ठाऊक, मग विचारायचं काय? बाहेरच्या बाईलाच तो सुचला. आणि मग माझं सगळं बाहेर आलं.

घाई नव्हती, फेन्या. झोप नव्हती हे खरं, पण घाई नव्हती. मी विचार करून, आतल्या कपाटाकडे पाठ फिरवून, फळीपाशी गेले आणि तो कप निवडला. निळ्या काठाचा, एका जागी कडा उडालेला.

तो बाबांचा कप होता.

आता नीट वाच. तू गेलीस ते एकोणसाठ साल, सप्टेंबर. पंथाबाहेरचा गेनादी उन्हाळाभर आमच्या बोटींच्या मोटरी दुरुस्त करून गेला आणि जाताना तुला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले, स्वतःचा कप कपाटात ढकलला आणि दाराजवळच्या फळीवरचा तो निळ्या काठाचा कप घेतला. मी म्हटलं, "बाबा, तो बाहेरच्यांचा." म्हणाले, "माहीत आहे." "लोक काय म्हणतील? तुम्हाला प्रार्थनेला उभं करतील का?" तर म्हणाले, "माझी पोर आजपासून परक्या भांड्यात जेवणार. एकटी कशी जेवेल ती?"

पंधरा वर्षं, फेन्या. पंधरा वर्षं त्यांनी आपल्या घरात परक्याच्या कपातून चहा प्यायला. प्रार्थनाघरात त्यांना मागे, दारापाशी उभं केलं, तिथे उभे राहिले. शरद आला की तो कप घेऊन बोटीवर बसायचे आणि तुझ्या किनाऱ्याकडे बघायचे. लोकांना वाटायचं पक्षी बघतायत. पक्षीही बघायचे म्हणा. हंस आले की म्हणायचे, "तासापूर्वी हे फेन्याच्या डोक्यावर होते." रोज. रोज तेच वाक्य.

आणि मी? मी इथेच होते ना! त्यांचे मोजे मी विणले, पाठीला तेल मी लावलं, लग्नाचं वय चुलीपुढे घालवलं. माझ्या डोक्यावरून कोणते हंस गेले ते कधी विचारलं नाही त्यांनी. मी जळले. सरळ सांगते, मत्सर होता माझ्या पोटात, आणि मी त्याला धर्म म्हणत होते. वासा आत्याला नावं ठेवते, पण नाकाने कांदे सोलणारी खरी मीच.

जायच्या आदल्या दिवशी बाबांनी मला जवळ बोलावलं. आवाज पार खोल गेला होता. म्हणाले, "फेन्या येईल. तिला माझ्या कपात चहा दे." एवढंच.

मी दिला. आज्ञा पाळली, बघ! तुझ्यापुढे तो कप ठेवला आणि तो कोणाचा हे सांगितलं नाही. "हा बाबांचा आहे," एवढे तीन शब्द. जिभेवर होते. तुझा चेहरा पडला ते मी बघितलं. तुला वाटलं, या घराने तुला परकं केलं. मी तसं वाटू दिलं. बाबांनी तुला दिलेली शेवटची वस्तू मी शिवी करून तुझ्यापुढे ठेवली, आणि तू ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायलीस.

हेल्वेनं सगळं ऐकून हातातला मोजा खाली ठेवला. मग म्हणाली, "पत्र लिहा." मी म्हटलं, "तीन लिहिली." "ती खोटी होती. हे लिहा."

म्हणून लिहिलं. आता तू येऊ नकोस असं वाटलं तर येऊ नकोस. मी दोष देणार नाही. तोंड बघायचा हक्क मी कधीच गमावलाय. फक्त एवढं समजून घे की बाबांनी तुला एक दिवसही दाराबाहेर ठेवलं नव्हतं. ते स्वतःच दारापाशी येऊन बसले होते.

उस्त्या

२६ ऑक्टोबर

फेन्या, माझे बाई,

हे पत्र पोस्टात टाकणारच नाही. टाकून उपयोग नाही, तोवर तू वाटेवर असशील. पण सवय लागली ना लिहायची, आणि आज हात ऐकत नाही.

तुझं कार्ड आलं! पोस्टमन फाटकापासून ओरडत आला, "मावशी, आहे! आज आहे!" निम्म्या गल्लीला कळलं. मला वाचता येईना, तू मुंगीएवढ्या अक्षरात कार्डाचे चारी कोपरे भरलेस. हेल्वेनं वाचलं. पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. आता पाठ झालंय, हे बघ:

"उस्त्या, आज नऊ ऑक्टोबर. आमच्या घड्याळात संध्याकाळचे सहा वीस. आत्ता इथून एकेचाळीस हंस उठले, चौदा पिल्लं, शेवटच्याचा पाय लोंबतोय. तुझ्याकडे निघालेत. समोवार ठेव. गेनादी होता तेव्हा आम्ही दोघं मोजायचो, आता एकटी मोजते. तुला काय वाटलं, फक्त तूच बघतेस? वासा आत्या त्या दिवशी घरात नव्हती. कप तू ठेवलास, मी बघत होते. उगीच मेलेल्या बाईवर घालू नकोस. तुझे डोळे ऐकून मला रात्री झोप नाही. अठ्ठावीसला व्हिसा मिळेल, तीस तारखेच्या बसने येते. माझ्यासाठी कप काढून ठेव. कुठला, ते तू ठरव. फे."

हेल्वेनं आपली वही काढली. नऊ ऑक्टोबरचं पान. एकेचाळीस, चौदा पिल्लं, एकाचा पाय लोंबता, सहा पाच. तुमचं घड्याळ आमच्यापुढे, म्हणून एक तास वजा केला, तर तिकडून निघाले पाच वीसला. पाऊण तास. बाबांचा समोवार! हेल्वे म्हणाली, "तीस वर्षं मोजतेय, असं कधी झालं नव्हतं," आणि हातमोज्यात नाक शिंकरलं. वर म्हणते, वहीत तुझं नाव दुसरी निरीक्षक म्हणून लिहिणार. मी म्हटलं, दुसरी नाही, पहिली लिही. तिच्याकडून निघाले ते.

मग मी हिशेब केला आणि घाबरले. माझं अठराचं पत्र, खरं असलेलं, तुझ्या घरी पोचेल तेव्हा तू इथे असशील. ते रिकाम्या घराच्या दाराखालून आत पडेल. म्हणजे बाबांच्या कपाचं तुला काहीच ठाऊक नसेल. तू अजून तोच राग घेऊन, तरीही येते आहेस. आणि मला ते सगळं तोंडाने सांगावं लागणार, तुझ्या डोळ्यांत बघून, दिसतंय तोवर. कागदावर लपता येतं, फेन्या. चार दिवसांनी कुठे लपू?

रात्री झोप लागलीच नाही. सकाळी उठले, मोठं घंगाळ काढलं, गरम पाणी ओतलं, आणि दाराजवळच्या फळीवरचे सगळे कप नि आतल्या कपाटातले सगळे कप, आजीच्या सोनेरी काठाचे सुद्धा, एकत्र त्यात बुडवले. एकाच फडक्याने पुसले. एकाच फळीवर लावले. हेल्वे दारात तोंड उघडं टाकून उभी. म्हणाली, "आता मी कुठला घेऊ?" म्हटलं, "मला काय विचारतेस? मला दिसतं का?"

दुपारी पारामोन येफिमोविच आले. आता गावाची प्रार्थना तेच चालवतात, ऐंशीचे झालेत, तुला माशाच्या पिशवीत बेडूक घालून द्यायचा तो पारामोन. फळीकडे बघून म्हणाले, "उस्तिन्या साव्वातिएव्ना, हे काय केलंत?"

"धुतले."

"सगळे एकत्र?"

"डोळे गेलेत हो माझे, पारामोन येफिमोविच. कुठला कुठला ते कळलं नाही."

त्यांनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, "फेन्या येतेय असं ऐकलं."

"तीस तारखेला."

"हं. चाळीस नमस्कार घाला, जमिनीला डोकं टेकून." दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि तिला सांगा, बेडकाचं मी विसरलो नाही. तिनंही विसरू नये."

नमस्कार घातले. पंचविसाव्याला हसू फुटलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून घातले. गुडघे बोलतायत आता.

तर बाई, ये. माशाचा पाव भाजून ठेवते, चिकोरी दळून ठेवली आहे, समोवार घासलाय. लव्हाळ्यात तुझे एकेचाळीस अजून आहेत, लंगडासुद्धा, हेल्वे रोज बघून सांगते. पाणी गोठायच्या आत जातील. तू आलीस की आधी बोटीवर बसू, मग घरात.

कुठला कप आपला नि कुठला परक्याचा, हे आता मला कितीही वेळ बघितलं तरी सांगता येणार नाही. फक्त एक ओळखते. त्याची कडा उडालेली आहे, ती बोटाला लागते, त्याला डोळे लागत नाहीत. तो घंगाळात घातला नाही. वेगळा धुतला, माझ्या हातांनी, शेवटी. आणि बावीस वर्षांनी टेबलावर सरळ करून ठेवलाय.

तुझी उस्त्या